सतरा नंबरची वाइन

सांगलीहून निघताना घरात माझी यथेच्छ थट्टा झाली. परीक्षक वाइन पीत नाही, तोंडात घोळवून थुंकून टाकतो, असं मी नवऱ्याला परोपरीने समजावलं. "मग एवढ्या लांब जातेस कशाला?" तो म्हणाला. तीस वर्षं मी अन्नतंत्र शिकवलं आणि तासगावकडच्या बेदाण्याची प्रत नाकाने ठरवत आले. तेवढ्या भांडवलावर नाशिकच्या एका वाइन स्पर्धेचं परीक्षक म्हणून बोलावणं आलं होतं. मनातून मी बरीच फुशारले होते, हे कबूल करते.

सिन्नर ओलांडलं तेव्हा बसच्या खिडकीची काच हात लावू देत नव्हती. एप्रिलची सुरुवात, दोन्ही बाजूंना कांद्याची वाळलेली पात आणि मधूनच द्राक्षबागांचे हिरवे मांडव. गंगापूर रोडवरच्या हॉटेलात पोचले, तर दाराशी एक पिकअप उभी होती आणि तिशीतली एक मुलगी एकेक बाटली ओढणीने पुसून खोक्यात ठेवत होती. नोंदणीची खिडकी उघडायची होती, म्हणून आम्ही दोघी सावलीत बसलो.

तिचं नाव रोहिणी. दिंडोरीच्या पुढे त्यांची शेती, मोठं एकत्र कुटुंब. वाइन करायचं शिक्षण घेऊन ती परत आली आणि तिने दोन एकर शिराझ लावली (लाल वाइनचं हे काळं, बारीक द्राक्ष). त्याला सात वर्षं झाली होती.

"यंदा मेडल आलं तर बाग राहील," ती म्हणाली. "नाही आलं तर नाना वेली काढणार. खरड छाटणीच्या आधीच." (एप्रिलमध्ये वेल खरडून नव्या फुटीवर आणतात, ती खरड छाटणी.)

"नाना कोण?"

"मोठे चुलते. घरात शब्द त्यांचाच. त्यांचं म्हणणं, खायची द्राक्षं तोडली की गाडी निघून जाते, तुझी वाइन दोन-दोन वर्षं टाकीत बसून राहते. एक वर्ष दिलंय त्यांनी मला."

मग तिने बाटलीचं तोंड दाखवलं. "एरवी आम्ही फिरकीचं झाकण लावतो. स्पर्धेच्या बाटल्यांना मुद्दाम बाहेरून बूच मागवलं. परीक्षकांना जरा भारी वाटायला पाहिजे ना!"

मी हसले. परीक्षकांनी स्पर्धकांशी बोलायचं नाही असा नियम होता आणि मी तर गप्पा मारून मोकळी झाले होते. म्हणून मी कोण हे तिला सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे रिक्षाने पंचवटीत जाऊन आले. गोदावरीत पाणी बेताचंच होतं, भाजीबाजार मात्र तुडुंब. जिभेला जपायचं म्हणून मिसळीच्या दुकानावरून मन मारून पुढे गेले आणि तेवढ्याची भरपाई म्हणून मोगऱ्याचा गजरा माळला. हॉलच्या दाराशी संयोजक बाईंनी हात जोडले. "मॅडम, गजरा काढावा लागेल. वाइनचा वासच कळणार नाही." तीस वर्षं नाकावर जगलेल्या बाईला हे दुसऱ्याने सांगावं! मी ओशाळून गजरा पर्समध्ये कोंबला, तर पर्ससुद्धा बाहेर ठेवायला लावली.

आत पाच-पाच परीक्षकांची टेबलं होती. प्रत्येक बाटलीवर काळी कापडी पिशवी, वर फक्त नंबर. कोणाची वाइन, कुठलं लेबल, कसलं झाकण, काही म्हणता काही दिसत नव्हतं. रोहिणीचं ते बाहेरून मागवलेलं बूच पडद्याआडच काढून टाकलेलं असणार. आधी रंग पाहायचा, मग वास, मग चव, आणि प्रत्येकाचे गुण वेगळे मांडायचे. मधे कोरडा पाव आणि पाणी. प्रत्येक वाइनची एक राखीव बाटली आत ठेवलेली असते. बाटलीत दोष आहे असा संशय आला की परीक्षकाने हात वर करायचा, मग ती दुसरी बाटली उघडून आणतात. साधा, सरळ नियम.

मी सकाळपासून दोनदा हात वर केला होता. दोन्ही वेळा दुसरी बाटली पहिलीसारखीच निघाली. आमचे टेबलप्रमुख मुंबईचे, हॉटेलच्या धंद्यात मुरलेले गृहस्थ. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "सांगलीकरांना प्रत्येक वाइन दोनदा प्यायची आहे वाटतं." सगळे हसले. मीही हसले.

सतरा नंबर आला तेव्हा बाहेर जेवणाची भांडी वाजू लागली होती. ग्लास नाकाशी नेला आणि पावसात भिजलेल्या गोणपाटाचा वास आला. असा वास वाइनचा नसतो, बहुतेक वेळा खराब बुचाचा असतो; एखाद्याच बाटलीचं बूच असं निघतं, बाकीच्या चांगल्या असतात. हे मी वर्गात शिकवलेलं आहे. प्रमुखांनी ग्लास हुंगून बाजूला सारला. "गेलेली आहे. चला, हा एक उरकला की जेवू." मी कागदावर शेरा लिहिला, कमी गुण दिले. हात मांडीवरच राहिला.

निकाल तिसऱ्या दिवशी सकाळी. सुवर्ण, रौप्य, कांस्य अशी नावं पुकारली गेली, टाळ्या झाल्या, फोटो झाले. रोहिणीचं नाव कुठेच आलं नाही. आम्ही परीक्षक मंचावर बसलो होतो, तेव्हा तिने मला पाहिलं. खाली उतरल्यावर ती समोर आली. हातात तिच्या वाइनची गुणपत्रिका होती.

"तुम्ही परीक्षक होतात? बोलला नाहीत परवा," ती म्हणाली आणि कागद पुढे केला. "हे बघा ना. पावसात भिजलेलं गोणपाट, असं लिहिलंय कोणीतरी. आमच्या वाइनला असा वास नाही हो, मॅडम. तुम्ही येऊन बघा एकदा."

शब्द माझेच होते. माझी बस संध्याकाळची होती. मी तिच्या पिकअपमध्ये बसले.

दिंडोरीचा रस्ता ऐन दुपारी पांढरा पडला होता. तिची बाग टेकडीच्या पायथ्याशी, तोडणी होऊन गेलेली, पानं कडेने तांबूस झालेली. वेलींची खोडं आता कुठे मनगटाएवढी झाली होती. शेडमध्ये तिने स्पर्धेसाठी भरलेल्यांपैकीच एक बाटली उघडली. मी हुंगली. जांभूळ, काळी मिरी, मागून किंचित धूर. घोट घेतला आणि थुंकायचं विसरले. आदल्या दिवशी आमच्या टेबलावर इतकी चांगली लाल वाइन आली नव्हती.

मी तिला सगळं सांगितलं. बूच, राखीव बाटली, तो नियम, जेवणाची घाई, माझा वर न गेलेला हात. ती म्हणाली, "हे नानांना सांगाल?"

नाना ओट्यावर बसले होते. मी सांगत असताना त्यांनी मला सरबत दिलं. शेवटी म्हणाले, "बाई, तुम्ही खरं बोलायला उन्हाचं इथवर आल्या, लय बरं वाटलं. वाइन चांगली हाय म्हणता, मी नाय म्हणत नाय. पण पाच शाहण्या माणसांच्या नाकाखालून गेली आन् कुणी हात वर केला नाय. पुढच्या साली बी कुणाचं तरी जेवण निघंल. कोणाच्या नाकावर बाग ठेवू मी? वेली काढायला सोमवारची माणसं सांगितलीत."

"नाना, वेलींच्या दोन वळी तरी ठेवा," रोहिणी म्हणाली.

"दोन वळींची फवारणी येगळी कोण करील, पोरी?"

ते रागावून बोलले असते तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं.

बसस्टँडपर्यंत रोहिणीनेच सोडलं.  वाटेत रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "मॅडम, काय होतं जेवायला?"

"पनीर," मी म्हणाले. "जिरा राईस. गुलाबजाम."

तिने मान हलवली. उतरताना माझी बॅग खाली दिली, पोचल्यावर फोन करा म्हणाली. असं आपल्याकडे सगळेच म्हणतात.

रात्रभराच्या प्रवासात मला स्वतःची लाज वाटत राहिली. मी लबाडी केली नव्हती, पैसे खाल्ले नव्हते, गुणसुद्धा त्या ग्लासात जे होतं त्याचेच दिले होते. एका विनोदाला घाबरले, एवढंच. चार मिनिटांचं काम होतं.

घरी आल्यावर सगळ्यांनी विचारलं, कशी झाली स्पर्धा? मी नदीचं सांगितलं, भाजीबाजाराचं सांगितलं, गजऱ्याची फजिती तर रंगवून सांगितली. दोन एकरांचं कोणाला बोलले नाही. इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. तो सोमवार होऊन आता तीन आठवडे झाले. रोहिणीचा नंबर माझ्याकडे आहे. मी पोचल्याचासुद्धा फोन अजून केलेला नाही.