राखेत शिसे नव्हते

नारळी पौर्णिमेनंतरच्या आठवड्यात मालवण किनाऱ्यावरच्या एका वाडीत रापणीचे जाळे जाळल्याची खबर आली, तेव्हा ठाण्यात सकाळची हजेरी चालू होती. नोकरीत याहून मोठे गुन्हे हाताळले, पण विसरलो नाही ते हे प्रकरण.

रापणीचे जाळे एकट्याचे नसते. ते समुद्रात सोडायचे आणि वाडीने किनाऱ्यावरून दोन्ही बाजूंनी ओढायचे. मिळेल ती मासळी सगळ्यांत वाटली जाते. त्यामुळे जाळे गेले की पूर्ण वाडीची चूल अडते. आम्ही पोहोचलो तेव्हा जाळे ठेवण्याच्या मांगराचे कुलूप तुटलेले होते. वाळूवर राखेचा ढीग होता आणि भोवती माणसे.

फिर्याद रापण संघातल्या एका भागीदाराने दिली. वाडीतल्या एका तरुणाला आदल्या संध्याकाळी मांगराजवळ पाहिल्याचे त्याने सांगितले. तरुण रापण सोडून पर्यटकांची बोट चालवू लागला होता आणि त्यावरून संघाशी त्याचे भांडण झाले होते. पंचनामा केला, राख आणि वितळलेले नायलॉन जप्त केले. जमाव त्या तरुणाच्या घराकडे निघाला होता. आम्ही त्याला अटक करून ठाण्यात आणले.

दुपारी त्याची आई आली आणि माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"साहेबानू, माझ्या झिलाक तुमी धरल्यात. आता तुमीच सोडा."

तिच्यामागून वाडीचे म्हातारे आत आले. "सोडूचो नाय. कोर्टात कित्याक धाडतास? हयच ठरवा आणि भितुर ठेवा."

दोन्ही बाजूंना वाटत होते की किल्ली माझ्या खिशात आहे. मी सांगितले, अटक मी केली, पण चोवीस तासांच्या आत त्याला न्यायालयासमोर उभे करावे लागेल. पुढे ठेवायचे की सोडायचे, ते न्यायालय ठरवील. आईला ते पटले नाही. म्हाताऱ्यांनाही नाही.

संध्याकाळी तिथल्या लोकप्रतिनिधींचा फोन आला.

"साहेब, लोक चिडलेत. चार दिवस आत राहू दे त्याला."

"कोठडीचा अर्ज उद्या देतो. निर्णय कोर्टाचा."

"मग कोर्टाला मी सांगू?"

"ते तेवढं करू नका. कायदे करणं तुमचं काम. त्यातलाच एक कायदा मी पाळतोय."

ते पलीकडून हसले आणि "बरोबर आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी न्यायदंडाधिकारी मॅडमनी अर्ज वाचून मला प्रश्न विचारले.

"फिर्यादीशिवाय कोणी पाहिलंय?"

"नाही."

"फिर्यादीचा आणि आरोपीचा वाद आहे?"

"आहे. किनाऱ्यावर बोट लावण्याच्या जागेवरून."

"जागेवर राख आणि नायलॉन, एवढंच मिळालं?"

"एवढंच."

त्यांनी पोलीस कोठडी नाकारली आणि तरुणाला जामीन दिला. ठाण्यात परतताना त्यांचा शेवटचा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. रापणीच्या जाळ्याला खालच्या कडेने शिसे लावलेले असते. नायलॉन जळते, शिसे फार तर वितळते. मी दोन हवालदार आणि पंच घेऊन पुन्हा किनाऱ्यावर गेलो. राखेखालची वाळू खोलवर चाळून घेतली. त्यात शिशाचा खडासुद्धा नव्हता. ते जाळे तिथे जळालेलेच नव्हते.

आमची चाळणी चालू असताना वाडी जमली. आदल्या दिवशीचाच एक म्हातारा पुढे झाला.

"कोर्टान सोडल्यान, तर तुमी परत धरा तेका."

तेवढ्यात लोकप्रतिनिधी तिथे पोचले. तेच त्याला म्हणाले, "आजोबा, साहेबांक बोलान काय उपयोग? कायदो आमी करतंव, तपास पोलीस करतत, निकाल कोर्ट दिता. माका फोन करून कोण सुटूचो नाय आणि कोण अडकूचो नाय."

"मगे मतां मागूक येतास तेव्हा सगळा मीच करतंय म्हणतास ता?"

"ता भाषाण, आजोबा. ह्यो कायदो."

वाडी हसली. हसल्यावर गर्दी पांगायला वेळ लागत नाही, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

जाळे जळाले नसेल तर कुठेतरी ठेवलेले असणार. किनाऱ्यावरच्या खबऱ्यांना तेवढेच सांगितले. विजयदुर्गकडे बर्फाची गाडी नेणाऱ्या एकाने कळवले की तिथल्या एका मांगरात ताडपत्रीखाली मोठे जाळे आले आहे. मांगर फिर्यादीच्या मेव्हण्याचा निघाला.

फिर्यादीला चौकशीला बोलावले. मी त्याला चहा दिला आणि एकच प्रश्न विचारला.

"जाळ्याचं शिसं कुठं गेलं?"

"वितळान वाळूत गेला, साहेब."

"वाळू चाळली."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "शिसा काढलेली फाटकी जाळी जाळलंय. ह्या जाळूक हात धजावलो नाय. पुनवेक पूजलेला जाळा ता. पोरांका जेवक घातल्यान तेनी."

तरुण आत गेला असता तर बोट लावायची जागा फिर्यादीला मिळाली असती. त्यासाठी त्याने कुलूप तोडले, खोटी फिर्याद दिली, पण खरे जाळे पेटवणे त्याला जमले नाही. त्याने दाखवलेल्या मांगरातून पंचांसमोर जाळे जप्त केले.

त्या दिवशी कोठडी मिळाली असती तर मी तरुणाचीच चौकशी करत बसलो असतो. माझा अर्ज नाकारण्याचा अधिकार दुसऱ्या कोणाकडे होता, म्हणून एक निरपराध माणूस घरी गेला आणि तपास योग्य वाटेला लागला. न्यायाधीशांना भेटून आभार मानण्याची पद्धत नाही. ते आज इथे लिहून मानतो. फोन ठेवणाऱ्या आणि किनाऱ्यावर येऊन चार शब्द बोलणाऱ्या त्या प्रतिनिधींचेही मानतो.

तरुणाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल आम्ही न्यायालयाला पाठवला. न्यायालयाने तो स्वीकारला. फिर्यादीवर दोषारोपपत्र दाखल झाले. मुद्देमाल म्हणून अडकलेले जाळे परत मिळावे, म्हणून संघाने न्यायालयात अर्ज केला आणि तो मंजूर झाला. जाळे ताब्यात घ्यायला संघाने एक माणूस नेमून पाठवला. ठाण्यात येऊन ताबा-पावतीवर सही केली, ती त्या तरुणाने.