फणसाखालची लाल फुलं

निवृत्त होऊन कुडाळहून घरी आलो तेव्हा मनात एकच बेत होता: संध्याकाळचा चहा बायकोबरोबर निवांत प्यायचा. नोकरीत असताना तो रविवारीच वाट्याला यायचा. पण चार वाजले की बायको स्वतःचा कप विसळून कुंपणाच्या गडग्यापलीकडे शेजारणीकडे निघायची. या शेजारणीला सगळी वाडी बाय म्हणते.

निमित्त बायच्या फणसाखालच्या फुलांचं. म्हापशाला दिलेल्या लेकीकडून आणलेलं कसलंसं रोप तिने सावलीत लावलं होतं. ते वीतभरही उंच न होता जमिनीवर पसरलं होतं, तांबूस मखमली पानांचं, आणि मधून मधून टिकलीएवढी लालभडक फुलं. दोघी त्याच्याशेजारी बसून दिवेलागणीपर्यंत बोलायच्या, हसायच्या. मला झाडाचा राग यायचा, बायचा यायचा, आणि लाजायचं कशाला, त्या हसण्याचा तर सगळ्यात जास्त यायचा. माझ्यासमोर बायको कधी एवढी हसली नव्हती.

मग मीही हट्टाला पेटलो. बायकडे रोप मागितलं. तिने हसत टोपलीभर दिलं, त्याचाही मला राग. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावं म्हणून ते मी पुढच्या खळ्यात, भर अंगणात लावलं. उन्हाने आठवड्यात होरपळलं.

"तेका सावली व्हयी," बायको म्हणाली. "बायेन सांगल्यान नाय तुमका?"

पुन्हा मागायला गेलो तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. या खेपेस मागीलदारी आंब्याखाली लावलं, कुजलेला पाला घातला, झारीने बेताचं पाणी दिलं. कोंब सरपटत पुढे गेले आणि टेकले तिथे मुळं धरत राहिले. दिवाळीपर्यंत आंब्याखालची माती दिसेनाशी झाली. शेजारी जांभ्या दगडाचे चिरे मांडून मी बसायला जागा केली, मापून दोघांपुरती.

फुलं आली त्या दिवशी चहा मीच केला आणि बायकोला तिथे नेलं. तिने वाकून पानांवरून हात फिरवला. "बरा पसरला हा," म्हणाली. मी फुगलो. तेवढ्यात गडग्याकडे वळून तिने हाक मारली, "गो बाय, हय ये बघूक."

आता बाय रोज चारला आमच्याकडे येते. परवा मी कप घेऊन उभा आहे हे पाहून ती चिऱ्यावरून उठायला लागली. बायकोने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"तू बस गो. तेंका झाडाक पाणी घालूचा आसा."

पाणी मी सकाळीच घातलं होतं. कप खाली ठेवला आणि झारी उचलली.