मॅडमच्या कॅमेऱ्यातला सेल

"ती तार कुजलेली नाही!" इन्शिराहवहिनीनं मोलोखियाच्या रश्शाचं भांडं टेबलावर आपटलं. "हिवाळ्यात मी स्वतः जोडलीय ती. आणि तू तिला सांगतोस, मॅडम, तार कुजली?"

"जेवू दे, उम्म हानी," माझा भाऊ वगदी भाकरी मोडत म्हणाला. मुलगा हानीच्या नावावरून तो वहिनीला उम्म हानी म्हणे आणि ती त्याला अबू हानी. "कॅमेरा जुना आहे. जुन्याचं काही ना काही निघतंच."

"जुन्याचं निघतं. विधवेचं जरा जास्तच निघतं."

"काय म्हणते ही?" आईनं विचारलं. तिच्या कानातलं यंत्र सकाळपासून बंद पडलं होतं.

"मोलोखिया छान झालाय म्हणते!" मी ओरडून सांगितलं.

वहिनी तांता गावच्या शिंप्याची मुलगी. लग्न होऊन इस्कंदरिया शहरात आली तेव्हा कॅमेऱ्याचं तोंड कुठलं आणि पाठ कुठली, हेही तिला ठाऊक नव्हतं. पुढे वगदीचा हात थरथरायला लागला, तसं केसाएवढ्या तारा जोडायचं काम हळूहळू तिच्याकडे आलं. घराखालीच आमचं दुकान. पुढे वगदी, मागे पडद्याआड वहिनी, डोळ्याला भिंग लावून. सगळं उस्ताद वगदीच करतो असं अत्तारीन मोहल्ल्यातल्या गिऱ्हाइकांना वाटे. वहिनीला त्याचं काही नव्हतं. काम झालं की वगदी पडदा सारून आत येई, जोडलेली तार उजेडात धरून बघे आणि म्हणे, "असा हात साऱ्या शहरात नाही." तेवढं तिला पुरे होतं.

मग सफिनाझ मॅडम यायला लागल्या. चित्रकलेच्या निवृत्त बाई, खांद्याला नवऱ्यामागे राहिलेला कॅमेरा. फोटो फिके येतात, प्रकाश दाखवणारा मीटरचा काटा वर चढतच नाही, ही त्यांची तक्रार. दुरुस्त करून न्यायच्या, काही दिवसांनी पुन्हा हजर. त्या येणार त्या दिवशी वगदी अत्तर लावी. त्यांच्यासाठी कॉफी घरची नाही, कोपऱ्यावरच्या कहवाखान्यातून येई. त्या गेल्यावर तो आत येईनासा झाला. काम पडद्याखालून सरकवून देई.

पडद्याला एक भोक होतं, त्यातून पुढचं सगळं दिसे. शिंप्याची मुलगी असून वहिनीनं ते शिवलं नव्हतं.

"अबू हानी, कॅमेरा कुठाय तिचा?"

"खाली. मॅडम परवा येतील न्यायला."

वहिनी खाली गेली आणि कॅमेरा घेऊन वर आली. ताटं सारली, पुसायचं फडकं पसरलं. वगदी म्हणाला, "अगं, जेवणाच्या टेबलावर?" तिनं लक्ष दिलं नाही. कॅमेऱ्याच्या बुडाचं झाकण फिरवून काढलं, सेल बाहेर घेतला. सेलच्या घरात हिरवा गंज चढलाय का पाहिलं. नव्हता. तरी व्हिनेगरात कापूस बुडवून पत्रा पुसला. बुडाचे स्क्रू काढून तार पाहिली. तार तांब्यासारखी लखलखत होती.

"बघ. कुठं कुजलीय, दाखव."

वगदी मीठ शोधायला लागला. मीठ त्याच्यासमोरच होतं.

वहिनीनं आईच्या सेलच्या पाकिटातला नवा सेल काढला. या कॅमेऱ्यांचे मूळचे पाऱ्याचे सेल आता कुणी बनवत नाही, म्हणून आम्ही कानाच्या यंत्राचा बारका सेल पितळी कडीत बसवून घालतो. आईला लागणारे आणि दुकानाला लागणारे सेल एकाच पाकिटातले. वहिनीनं नवा सेल बसवला आणि कॅमेरा गॅलरीच्या दारापुढे धरला. काटा टुणकन वर गेला.

मग तिनं जुना सेल तळहातावर पालथा केला. त्याच्यावर लाल नखरंगाचा ठिपका होता.

तो ठिपका आईचा. एकदा तिनं चुकून मेलेलाच सेल पुन्हा कानात घातला आणि सगळी ईद कुणाचं काही ऐकू न येता काढली. तेव्हापासून कानातून काढलेल्या प्रत्येक सेलवर ती रंग लावते. कानाला निकामी झालेला सेल कॅमेऱ्याचा काटा मात्र थोडे दिवस हलवतो. मग काटा पडतो, आणि मॅडम येतात.

"टाकून द्यायचा का? वाया जातो," वगदी पुटपुटला.

"मग डॉक्टर मोरीसच्या कॅमेऱ्यात नवा कशाला घातलास? त्याच्याशी गप्पा मारायच्या नव्हत्या म्हणून?"

वगदीचे कान तांबडे झाले. मी भाकरीचे तुकडे गोळा करू लागले.

"दोन घटका बोलतात त्या," तो शेवटी म्हणाला. "मी कामाबद्दल सांगतो, त्या ऐकतात. दुसरं काही नाही, देवाशपथ."

"कुणाच्या कामाबद्दल? तार जोडल्याबद्दल? ती कुणी जोडली ते सांगितलंस?"

त्यानं सारलेलं ताट पुन्हा पुढे ओढलं.

"मी नसते का ऐकलं?"

"तू मागे असतेस, इन्शिराह."

"मला मागे कुणी बसवलं?"

वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं, पण तिनं ते खाली येऊ दिलं नाही. ती उठली, पाकिटातला आणखी एक नवा सेल काढला, आईच्या यंत्रात घातला आणि यंत्र तिच्या कानात नीट बसवलं.

"अम्मा, ऐकू येतंय?"

"येतंय की. ओरडतेस कशाला?"

"मग सगळ्यांनीच ऐका. शनिवारपासून पुढच्या टेबलावर मी बसणार. मीटरचं गिऱ्हाईक मी घेणार, मॅडमसुद्धा. कॉफी घरची मिळेल. वगदी मागे बसेल. आणि पडद्याचं भोक मी आजच शिवून टाकतेय."