उजव्या हातावरचा शिक्का

बारमध्ये मी आयुष्यात एकदाच गेले, तेही संक्रांतीची काळी चंद्रकळा नेसून, भर दुपारी. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे फारसं हसण्यासारखं नाही.

ऐंशीचं दशक अर्धंअधिक सरलं होतं. आम्ही ओहायोत, टोलेडोला राहत होतो. आमचे हे तिथल्या एका हॉस्पिटलात भूल द्यायचे डॉक्टर. शहर धड मोठं नाही, धड लहान नाही. मराठी घरं पंधरा-वीस, त्यामुळे सकाळी एकीकडे कप फुटला की संध्याकाळपर्यंत सगळीकडे कळायचं. डाउनटाउनमध्ये नदीच्या अंगाला विटांच्या जुन्या गोदामांमधून बार होते. तिथे बँड वाजायचे, शनिवार-रविवारी गर्दी व्हायची. आमच्या घरात त्या भागाचं नाव निघालं की ह्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. पिऊन मारामाऱ्या केलेले, गाड्या ठोकलेले लोक सोमवारी ऑपरेशन टेबलावर ह्यांच्याच पुढ्यात यायचे. त्यामुळे त्यांचंही काही अगदीच चूक नव्हतं.

आमची एकुलती एक लेक सोळा वर्षांची होती आणि ड्रम वाजवायची. मुलगी पेटी शिकेल, गेला बाजार पियानो, असं मला वाटायचं. तर ही दोन काठ्या घेऊन टेलिफोन डिरेक्टरी बडवत बसायची. शाळेतली दोन मुलं गिटार वाजवायची. त्यांच्यातल्या एकाच्या गॅरेजमध्ये ड्रमचा सेट होता आणि तिथे यांचा बँड जमायचा. "हॉबी आहे, राहू दे," असं हे म्हणायचे. मग एक दिवस तिच्या दप्तरात हाताने काढून झेरॉक्स केलेला एक कागद सापडला. त्यावर तिच्या बँडचं नाव होतं, आणि त्याच्यावर, त्याहून मोठ्या अक्षरात, बारचं.

हे कधी ओरडत नाहीत. ओरडणारा नवरा परवडला, असं मी कितीदा तरी मनात म्हटलंय. कागदाची नीट घडी घालून ते म्हणाले, "पुन्हा बारचं नाव कानावर आलं तर अकरावी-बारावी पुण्याला. आत्याकडे." ही नुसती धमकी नव्हती. पुण्याच्या शाळेचा प्रवेशाचा फॉर्म त्यांनी आधीच मागवून टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला होता. आमच्या वन्संबाईंच्या घरी म्हणजे संध्याकाळी सातला दाराला आतून कडी, आणि टेलिव्हिजनवर विणकामाचा रुमाल कायमचा पांघरलेला. त्या घरात माझी मुलगी दोन वर्षं कशी काढणार?

मी मात्र दोघांच्या मधे, अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. लेकीला समजवायला जावं तर ती इंग्रजीत एक वाक्य टाकून जिना चढून जाणार. ह्यांना समजवायला जावं तर वर्तमानपत्र वर येणार. हिवाळ्यात खिडकीच्या अर्ध्यापर्यंत बर्फ. मला गाडी येत होती, पण जायचं कुठे? दुकानात, नाहीतर कोणा मराठी बाईच्या घरी, म्हणजे पुन्हा तेच पोहे आणि त्याच चौकशा. त्या घरात तिच्याइतकाच माझाही जीव घुसमटायचा. ते बोलायची सोय नव्हती, एवढंच.

जानेवारीत मी तिळाचे लाडू वळत होते तेव्हा ती स्वयंपाकघरात आली. हात भाजत होते, पाक घट्ट होत होता, आणि हिने नेमकी तीच वेळ धरली. रविवारी दुपारी त्या बारमध्ये शाळा-कॉलेजच्या मुलांसाठी बँड वाजतात. पोरांना फक्त कोक, दारू मोठ्यांनाच. मात्र वाजवणारं कोणी अठराच्या आतलं असेल तर आईने किंवा बापाने सही करायची आणि त्यांचं वाजवून होईपर्यंत आत थांबायचं, असा तिथला नियम. मला नुसतं उभं राहायचं होतं, बाकी काही नाही. मी नाही म्हटलं. तिने वाद घातला नाही, ओके म्हणून वर गेली. आणि मग चार दिवस डिरेक्टरीवर काठ्यांचा आवाज नाही.

तो आवाज बंद झाला आणि मला घर खायला उठलं. पाचव्या दिवशी मी तिला म्हटलं, येते. लेकीच्या मायेपोटी गेले, असं सांगायला बरं वाटतं. खरं सांगायचं तर मलाही बघायचं होतं.

नेमकं त्याच रविवारी चार वाजता वहिनींकडे हळदीकुंकू होतं. वहिनी म्हणजे ह्यांच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांच्या बायको. त्यांना सगळ्याच वहिनी म्हणायच्या, आणि त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जायचं नाही. लाडू माझ्याकडे होते. ह्यांची सहापर्यंत ड्यूटी. दोनला कार्यक्रम, तीनपर्यंत संपणार, चारला मी वहिनींच्या दारात. कोणाला कळणार होतं? मी साडी नेसूनच निघाले, म्हणजे परत घरी यायला नको. स्वतःच्या हुशारीवर खूश होते अगदी.

दारात एक दाढीवाला धिप्पाड माणूस स्टुलावर बसला होता. त्याने माझ्याकडून कागदावर सही घेतली, माझा उजवा हात धरला आणि पालथ्या हातावर ठप्पकन शिक्का मारला. निळ्या शाईचा, फेसाळलेला बीअरचा मग. ज्यांना दारू द्यायला हरकत नाही, त्यांना तो शिक्का. पोरांच्या हातावर काळ्या मार्करने मोठ्या फुल्या. मग तो मला अगदी अदबीने म्हणाला, की मॅडम, तुम्ही बाहेर गेलात तर तिला वाजवता येणार नाही. म्हणजे मी आत गेले ती अडकूनच.

आत शिळ्या बीअरचा वास, आणि बूट जमिनीला चिकटायचे, दर पावलाला चट्‌ चट्‌. सगळी पोरं काळ्या कपड्यांत. काळा शर्ट, काळी पँट, काळं काजळ. त्यात काळी चंद्रकळा नेसलेली मी. कानात सेफ्टीपिना अडकवलेली एक मुलगी माझ्या काठाला हात लावून म्हणाली, तुमचा ड्रेस फार छान आहे. मी थँक यू म्हटलं. काय म्हणणार, कप्पाळ?

आधीच्या बँडचा अँप्लिफायर बंद पडला. अडीच वाजले, तीन वाजले. स्टुलं एवढी उंच, की साडी नेसून चढायची सोय नाही. मी भिंतीला पाठ लावून उभी. दार गर्दीच्या पलीकडे. लाडवांचा डबा गाडीत गोठत होता. सव्वातीन झाले. कोट काढावा तर ठेवायला जागा नाही, घालावा तर घामाची धार. वहिनींना फोन करावा, तर कुठून करतेय म्हणून सांगू? मला वाटायला लागलं की मी इथून आता कधीच बाहेर पडणार नाही. एकदा तर मी दाराकडे चार पावलं गेलेसुद्धा, आणि परत आले.

साडेतीनला ती आली. ड्रममागे एवढीशी दिसत होती. मग तिने काठ्या उचलल्या. मला त्या गाण्यातलं अक्षर कळलं नाही. आवाज छातीत घुसत होता, बरगड्या हलत होत्या. पण तिचा चेहरा! दोन वर्षं आमच्या घरात ती दार लावून घेतलेला चेहरा घेऊन फिरत होती, आणि इथे परक्या पोरांसमोर तो सताड उघडा होता. हसत होती, घाम पुसत होती, ओठ चावत होती. लहानपणी झोपाळ्यावर बसली की अशी दिसायची. माझा पाय ठेका धरत होता, हे मला जरा उशिरानेच कळलं. मला आनंद झाला होता. आणि आपल्याला इथे आनंद होतोय, याची भीतीही वाटली.

संपलं तेव्हा चारला पाच कमी. त्या मुलांच्या व्हॅनमधून ती घरी जाणार होती. तिने लांबून हात केला, मीही केला, आणि गाडीकडे धावले. गाडीत बसल्यावर शिक्का आठवला. थुंकी लावून घासला, बर्फ घेऊन घासला, हात लालबुंद झाला. मग फिका पडला, पण गेला नाही.

वहिनींकडे पोहोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. वीसेक बायका, सगळ्या काळ्या साड्यांत. लाडू आले म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी पदर हातावर ओढून कोपऱ्यात बसले. हळद लागली, कुंकू लागलं. मग वहिनी अत्तरदाणी घेऊन ओळीने आल्या. माझ्यापुढे आल्या तेव्हा मी डावा हात पुढे केला.

"अगं, उजवा दे," वहिनी म्हणाल्या.

सवाष्ण बाई हळदीकुंकवाला डावा हात पुढे करते, असं कोणी पाहिलंय का? त्यांनी स्वतःच माझा उजवा हात धरून पदर सारला. अत्तराची काडी तशीच राहिली त्यांच्या हातात. हे काय गं, म्हणाल्या. मी लायब्ररीचं काहीतरी बोलायला लागले होते. तेवढ्यात शेजारी बसलेली, नुकतीच लग्न होऊन आलेली मुलगी कौतुकाने म्हणाली, की अय्या, हा तर त्या नदीवरच्या बारचा शिक्का, आम्ही गेलो होतो ना तिथे गाणं ऐकायला. बिचारीच्या मनात काही नव्हतं.

त्या वेळी मला खरं बोलता आलं असतं. सोपं होतं. लेक ड्रम वाजवते, तिचं ऐकायला गेले होते. एवढंच. पण वीस बायका बघत होत्या, वहिनी बघत होत्या, आणि उद्या ह्यांना हॉस्पिटलात मोठ्या डॉक्टरांसमोर उभं राहायचं होतं. माझं तोंड आपोआप उघडलं. मी म्हटलं, "मुलीला आणायला गेले होते."

एकदा सुरू झाल्यावर थांबता येईना. कोणाकडून तरी कळलं, म्हटलं, जीव खालीवर झाला, तशीच गेले साडी नेसून. मग एकीने विचारलं, आणलंत का? आता मुलगी तर माझ्याबरोबर नव्हती. तेव्हा मी म्हटलं, नाही हो, आली नाही. सगळ्यांदेखत माझा हात झटकला. आणि मला रडू आलं, खरंखुरं. कशाचं आलं, ते मला आजही नीट सांगता यायचं नाही. बायकांनी मला जवळ घेतलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. कोणाकोणाची मुलं कशी हाताबाहेर चालली आहेत, ते सांगितलं. वहिनींनी माझ्या हातावर, त्या बीअरच्या मगाच्या जरा बाजूला, अत्तर लावलं आणि म्हणाल्या, "आई असावी तर अशी."

मी घरी पोहोचायच्या आत वहिनींचा फोन ह्यांना गेला होता. चांगल्याच मनाने केला होता त्यांनी, की तुमच्या बायकोला रागावू नका, फार धीराची आहे. हे जेवणाच्या टेबलाशी बसले होते, फॉर्म समोर ठेवून. नुकतीच आलेली लेक कोट न काढता उभी होती. तिचे केस अजून घामाने चिकटलेले होते.

ह्यांनी तिला विचारलं, "आई तुला न्यायला आली आणि तू तिचा हात झटकलास?"

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी आता बोलेन, म्हणून वाट बघत होती. मी पदराच्या टोकाशी चाळा करत होते. मग ती म्हणाली, "हो."

माझ्याकडे जूनपर्यंत वेळ होता. पाच महिने. रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते. ह्यांची कॉफी करताना शब्द जुळवायचे आणि कॉफी देऊन परत यायचे. बॅगा भरताना तिला सांगितलं, की पुण्यात स्वेटर लागणार नाहीत फारसे. ती ओके म्हणाली. विमानतळावर मी रडले, तेव्हा हे माझी समजूत घालत होते, की तू तुझ्या परीने सगळं केलंस.

दोन वर्षांनी ती परत आली, अठरा पूर्ण झालेली, वेणी घातलेली, आणि मराठी अशी स्वच्छ, की आमच्याकडच्या बायका नुसतं तिला बोलतं करून ऐकायच्या. तुम्ही पाठवलंत ते किती बरं केलंत, असं मला सांगायच्या. काठ्यांना तिने हात लावला नाही. मीही विचारलं नाही.

कॉलेजला जायच्या आदल्या दिवशी दुपारी ती मला मेथी निवडू लागत होती. खाली मान घालून, इतक्या शांतपणे बोलली की आधी मला वाटलं भाजीबद्दलच काही विचारतेय.

"आई, त्या दिवशी तू खरं सांगितलं असतंस, तर बाबांनी तुला काय केलं असतं?"

मी खरंच आठवून पाहिलं. चिडले असते. दोन दिवस बोलले नसते. वर्तमानपत्र वर धरलं असतं. हॉस्पिटलात एखाद्या आठवड्याची कुजबुज. त्यापुढे काही सापडेना. मी मेथीच्या काड्या बाजूला केल्या, पानं पातेल्यात टाकली, पुन्हा शोधलं.

"काही नाही," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि पुढची जुडी सोडली.