आधी बाळाला आंघोळ घाला

"सिस्टर, तुझं आडनाव काय?"

बाळ माझ्या हातात होतं. जन्मलं तेव्हा निळं, गार, रडेना. मी नाकातोंडातला चिकटा काढला, पाठ चोळली, मास्क लावून श्वास दिला. आत्ता कुठे त्याने टाहो फोडला होता. आणि दारात उभ्या थोरल्या बाई, बाळाची पणजी, मला आडनाव विचारत होत्या. हातात चांदीची वाटी, मधाच्या घुटीची. त्यांच्या घरात समजूत अशी की मध चाटवणारं पहिलं बोट ज्याचं, त्याच्या वळणावर पोर जातं.

मी आडनाव सांगितलं. आमच्या जळगावात तेवढं पुरतं. पुढचं कुणी विचारत नाही.

त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. मेट्रनला म्हणाल्या, "आधी बाळाला आंघोळ घाला. मग घुटी."

मेट्रन माझ्याकडे वळली. "पाणी ठेव."

म्हणजे माझा हात लागला तो धुवायचा, आणि त्यासाठी पाणी मीच तापवायचं. वा रे न्याय.

हा दवाखाना ह्यांच्याच घराण्याचा. स्थापनादिनाला त्याची हकिकत माईकवर मीच सांगते, आवाज खणखणीत म्हणून. ह्यांचा मूळपुरुष राजस्थानातून कापसाच्या धंद्याला इथे आला. बायको अडली. तो सुईण शोधत दारोदार फिरला. जो तो आधी विचारी, "कोण तुम्ही? कुठले? जात कोणती?" परक्याच्या घरी कुणी आलं नाही. बायको गेली. मग त्याने आणि त्याच्यासारख्याच आलेल्या चार जातभाईंनी तिच्या नावाने बाळंतपणाचा दवाखाना काढला. दारातून कुणालाही परत पाठवायचं नाही, हा त्यांचा शब्द. खोटं कशाला बोलू, शब्द पाळलाही. धरणगावहून, पार शिरपूरहून बाया येतात. हकिकत ऐकताना थोरल्या बाई दरवर्षी डोळे पुसतात. मला वाटायचं, ह्यांना कळतं.

माझी आईही इथेच जन्मली. इथेच आया झाली. दवाखान्यामागच्या खोलीत तिने मला वाढवलं. त्या खोलीला वेगळी वाट नाही, दवाखान्याच्या फाटकातूनच जायचं-यायचं. माझ्या नर्सिंगची फी दवाखान्याच्या ट्रस्टने भरली. काही बोलायला गेलं की आई तोंडावर हात ठेवते. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. टाळ्या वाजवून हात सोलले आमचे.

थंडीचे दिवस. आत्ताच धापा टाकत जगलेला जीव. पाण्यात घातला तर पुन्हा गार पडेल. मेट्रनला हे माहीत होतं. तिनेच मला शिकवलं होतं. आता मान खाली घालून ट्रे आवरत होती.

"पाणी ठेवणार नाही," मी म्हटलं. "घुटीही नाही. आधी आईचं दूध."

बाळाला कोरड्या फडक्यात गुंडाळून त्याच्या आईच्या छातीवर ठेवलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. पोराला मात्र घट्ट धरलं. थोरल्या बाई वाटी घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ट्रस्टी साहेबांनी बोलावलं. गोड बोलले. "थोरल्या बाईंच्या पाया पड, विषय संपला. नाहीतर उद्यापासून कपडे धुवायच्या खात्यात. आणि मग खोलीचंही बघावं लागेल."

खोलीवर आले तर आईला आधीच कळलेलं. भांडी पुढ्यात घेऊन बसली होती.

"माफी मांगी ले, बाई," ती म्हणाली. "मन्हा बठ्ठा जलम आठे गया. खोली गई ते आपन कोठे जासूत?"

कुठे जाणार, मलाही माहीत नाही. तिचा सगळा जन्म इथे गेला, हे तिचे सुजलेले पायच सांगत होते. तरी तिला म्हटलं, "आई, त्यांनी मला त्या बाळावरची घाण म्हटलं. ह्याची माफी मी मागू?"

भांडी तशीच राहिली.

पाया पडणार नाही. कपडे धुवायला जाणार नाही. सकाळी बाळंतपणाच्या खोलीतच ड्युटीला उभी राहीन. हलवायचं तर लेखी हलवा. तोंडी नाही. कागदावर लिहा, ह्या सिस्टरने बाळाला आंघोळ घातली नाही. का घालायची होती, तेही खाली लिहा. सही करा. मग तो कागद घेऊन मी कुठे कुठे जाते, ते बघत बसा.