एक वाढवायचा राहिला

हे मी घरीही कधी बोललेलो नाही. ऑफिसने सक्ती केली म्हणून पन्नाशीत मी कोपरीतल्या एका क्लासला प्रोग्रॅमिंग शिकायला जायचो. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीहून लहान होती आणि पहिल्या दिवसापासून मला ती डोळ्यांसमोर नको असायची. एक ते दहा आकडे छापायचा प्रोग्रॅम मी लिहिला, तर स्क्रीनवर नुसते एक, एक, एक धावत सुटले.

"मशीन बिघडलंय तुमचं," मी खेकसलो.

"काका, दर वेळी आकडा एकने वाढव, हे तुम्ही त्याला सांगितलंच नाहीत."

"एवढंही कळत नाही त्याला? माझ्या शिपायाला न सांगता कळतं!"

"शिपाई घाबरतो तुम्हाला. हा नाही घाबरत."

सगळा वर्ग हसला. त्याच दिवशी मी क्लासच्या मालकाकडे लेखी तक्रार केली, की बाईंना शिकवता येत नाही आणि वर त्या उद्धट बोलतात. पुढच्या आठवड्यात तिला काढून दुसरे सर आणले. त्यांनी माझा तोच प्रोग्रॅम पाहिला.

"आकडा वाढवायचा राहिलाय, काका."

"असं होय? आधी कुणी सांगितलंच नव्हतं," मी म्हणालो.

या वेळी वर्गात कुणीही हसलं नाही.