कोऱ्या नावेतला तांब्या

जालन्याच्या स्टेशनवरून गाडी हलली तेव्हा मी फलाटाकडे पाहत नव्हतो, डब्याच्या तळाकडे पाहत होतो. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट होती आणि तिच्यातून रुळाखालची खडी पळताना दिसत होती. मी तिच्यावर चप्पल ठेवली आणि पायानं दाबून धरली. माझा धाकटा भाऊ नामा खिडकीला धरून चालत होता. "पोचल्यावर कळव, दादा," म्हणत होता. मी मान वर केली नाही. नामा, तुला वाटलं असेल मी रागात आहे. मी भ्यालो होतो.

गाठोड्यात मायनं पितळी तांब्या घातला होता. घरून निघताना मी तो दोनदा बाहेर काढला आणि दोन्ही वेळा तिनं परत आत घातला. "राहू दे. परक्या मुलखात पाणी कशात पिशील?" तिला ठाऊक होतं तो कोणता तांब्या आहे. अख्ख्या शहागड गावाला ठाऊक होतं.

गावात राहिलेल्यांना हे सांगायला नको. पण आपल्यातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांची मुलं आता विचारतात, म्हणून लिहितो. गोदावरीच्या काठावर आमच्या घराण्याचा नावांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे चार बाभळी, त्यांच्याखाली सागाचे ओंडके, लाकूड तासायचा वाकस आणि छिन्न्यांची पेटी, राळ उकळायची कढई. आबा, म्हणजे आमचे वडील, फळ्या जोडत. जोडाच्या फटींत अंबाडीचा वाख ठोकून वरून राळ भरायचं काम चुलत्याचं होतं, त्याच्यानंतर ते माझ्याकडं आलं.

पणजोबांपासूनचा एक नियम होता. ज्यानं फटी भरल्या, त्यानं कोऱ्या नावेच्या पहिल्या फेरीत अनवाणी तळाशी बसायचं. आणि त्या फेरीत पाणी उपसायचं भांडं नावेत ठेवायचं नाही. दोन्ही काठांवर नावाडी उभे राहून बघत. बांधणारेच असे बसलेत म्हटल्यावर त्यांना दुसरा पुरावा लागत नसे.

माझा चुलता अशाच एका फेरीत गेला. नाव गळली नव्हती, भोवऱ्यात उलटली होती. मला हे सगळ्यांनी समजावलं. तरी कोऱ्या नावेत बसलो की माझ्या तळपायांना त्याचीच जागा लागत असे.

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माणसं नदीपार नेणाऱ्या तराचा ठेका घेतलेल्या गुत्तेदारानं आमच्याकडून मोठी नाव बांधून घेतली. ती पसंत पडली तर पुढच्या सगळ्या नावा आमच्याच. नदी तुडुंब होती. मी उपरण्यात तांब्या गुंडाळून कमरेला बांधला आणि तळाशी बसलो. मागे वल्ह्यावर आबा, पुढे बांबू घेऊन नामा.

कोरं लाकूड सुरुवातीला पाणी घेतंच. मग ते फुगतं, फटी मिटतात, पाणी थांबतं. हे मला आबांनीच शिकवलं होतं. धारेच्या मध्यावर पाणी माझ्या घोट्यांवर आलं.

"लाकूड पाणी पिऊन राह्यलं," आबा मागून म्हणाले. "पिऊ दे. हलू नको."

मी नामाच्या पाठीकडे पाहिलं आणि माझा हात कमरेला गेला. दोन्ही काठांच्या देखत मी त्या तांब्यानं पाणी उपसायला लागलो. पलीकडून कुणीतरी ओरडलं, "ओ मेस्त्री! नावंसंगं तांब्या फुकट देता का?" हशा नदीवरून आमच्यापर्यंत आला.

नाव बुडाली नाही. मी पाणी उपसलं म्हणून, की ती तशीही तरली असती, हे मला आजही सांगता येत नाही. गुत्तेदार भला माणूस. आवाज न चढवता म्हणाला, "नाव बराबर असंल, आबा. पण तुमच्याच पोराचा भरवसा न्हाई, मंग लोकांनी कसं बसावं?" त्या वर्षानंतर बाभळींखाली ओंडके आले नाहीत. नामा दुसऱ्यांच्या नावा वल्हवायला लागला. आबा मला एवढंच म्हणाले, "भ्यालास. दुसरं काय." त्यांनी मारलं असतं तर कदाचित मी राहिलो असतो.

सिकंदराबादेत मला रेल्वेचे लाकडी डबे दुरुस्त करायचं काम मिळालं. डबा आला की मी आधी तळाच्या फटी बघतो. बरोबरचे हसतात, "मेस्त्री, इसमें पानी भरना है क्या?" घरात नळ आहे. धाकटी लेक पाण्याला तेलुगूत नीळ्ळू म्हणते, तिनं नदी पाहिलेली नाही. बादली भरून वाहू लागली की मी अजून दचकून उठतो.

गेल्या हिवाळ्यात नामाचा निरोप आला. पुलासाठी माणसं मापं घेऊन गेली होती, तरी आबा एक लहान नाव बांधत होते, नामाची स्वतःची. त्यांना आता दिसत नव्हतं. फटी तू भर, म्हणाले होते.

मी गेलो. फटी भरल्या. निघायच्या वेळी काठावर चार माणसंही नव्हती. आबांनी चाचपडत माझ्या गाठोड्यातून तांब्या काढला आणि नावेत ठेवला.

"आबा, नियम?" नामा म्हणाला.

"नियम माझ्या आज्यानं केल्ता. त्याला कुठं ह्येच्यासारखं भित्रं पोरगं होतं?"

आणि ते माझ्याशेजारी तळाशी येऊन बसले. नामानं नाव लोटली. पाणी आलंच. आमच्या चारही पावलांवर चढत गेलं. माझी बोटं तांब्याच्या काठावर आवळली होती आणि डोळे मिटलेले होते.

"थांबलं का रं?" आबांनी विचारलं.

आता मला खाली बघणं भाग होतं. पाणी अजून चढत होतं.

"थांबलं," मी म्हणालो.

आबांनी मान हलवली आणि पाय ऐसपैस पसरले. मी तांब्या सोडला नाही, पण पाण्यातही घातला नाही. मग लाकडाचं पिणं संपेपर्यंत दोघांच्या वतीनं मी एकटा बघत राहिलो.

परतीच्या गाडीत माझ्याजवळ तांब्या नव्हता. तो त्या नावेतच आहे. घर कुठं, असं सिकंदराबादेत कुणी विचारलं की मला दार आठवत नाही, अंगण आठवत नाही. गार पाण्यात माझ्या पावलांना लागून असलेली ती म्हातारी पावलं आठवतात, आणि मी सांगेन त्यावर त्यांनी टाकलेला भार.